एकाच वाऱ्यावर सगळा पाऊस टांगू नका

पाऊस चार दिवस कोसळला की ‘जेट स्ट्रीम’ (वातावरणातला वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा) सरकली म्हणायचे आणि ऑगस्ट कोरडा गेला की ‘जेट कमजोर पडली’ म्हणायचे, ही आता मोसमी पावसावरच्या चर्चेची रीतच होऊन बसली आहे. समोरच्या बाजूला तितकीच ठाम असलेली दुसरी मंडळी आहेत. त्यांच्या मते उंचावरचे हे वारे पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांपुरते ठीक; पावसाचे भवितव्य प्रशांत महासागर ठरवतो, तेव्हा एल निनो, म्हणजे त्या महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा तापण्याची अवस्था, आहे की नाही तेवढे सांगा आणि विषय संपवा. या वादात दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. उष्णकटिबंधातल्या जेट प्रवाहांना बळ मिळते ते मुख्यतः पावसातून. एकदा बळ आले की तो पाऊस कोणत्या रूपात पडेल, कुठे थांबेल आणि कोणत्या वादळांना वाव मिळेल याच्या मर्यादा हेच प्रवाह आखतात. मग ‘जेट हे कारण की परिणाम?’ असे विचारून काय मिळणार? किती दिवसांच्या आणि किती अंतराच्या मापावर कोण कोणाला हलवतो, हे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर प्रत्येक जेटसाठी वेगळे येते.

वेगळे येते, कारण आपण एका नावाखाली निदान तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. पहिला प्रवाह सुमारे 12 किलोमीटर उंचीवर, 30 अंश उत्तरेच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उपोष्ण जेट. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहतो आणि उत्तर भारताला पाऊस व हिमालयाला बर्फ देणारे पश्चिमी चक्रावात त्याच्याच वाटेने येतात. दुसरा अगदी खालचा, जमिनीपासून जेमतेम दीड किलोमीटरवरचा सोमाली जेट. केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून, सोमालियाला वळसा घालून तो अरबी समुद्राची वाफ भारताकडे आणतो. फिंडलेटर यांनी 1969 साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तिसरा, या लेखाचा खरा विषय: जून ते सप्टेंबर या काळात 14 ते 16 किलोमीटर उंचीवर, साधारण चेन्नईच्या अक्षांशाच्या आसपास पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा पूर्वी जेट. त्याच्या गाभ्यात ताशी 100 किलोमीटरहून बराच जास्त वेग असतो आणि आग्नेय आशियापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत त्याचा पल्ला जातो. पी. कोटेश्वरम् यांनी 1950च्या दशकात तो जगापुढे मांडला. भारतीय हवामानशास्त्राच्या मोठ्या शोधांमध्ये याची गणना व्हायला हवी, ती सामान्य वाचकांपर्यंत झालेली नाही.

आता मुद्द्याचे. या तिघांहून वेगळा, आणखी उत्तरेकडचा ध्रुवीय जेट नागमोडी होतो आहे, म्हणून हवामान टोकाचे होते आहे, हा युक्तिवाद 2012च्या सुमारास गाजू लागला. आर्क्टिक झपाट्याने तापतो, विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातले अंतर घटते, जेट मंदावतो आणि वळणे घेऊ लागतो, अशी ती साखळी. तिच्यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत, पण निदान तिला एक तर्क आहे. तीच साखळी जशीच्या तशी उचलून पूर्वी जेटला लावली जाते तेव्हा तर्कच कोसळतो. पश्चिमेकडून वाहणारे जेट दक्षिणेकडच्या उष्ण आणि उत्तरेकडच्या थंड हवेतल्या फरकावर जगतात. पूर्वी जेटचे इंजिन नेमके उलटे आहे. उन्हाळ्यात उत्तर भारत आणि तिबेट यांच्यावरची उंच हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा गरम होते, तापमानाचा उतार उलटा फिरतो, आणि उंची वाढेल तसा पूर्वेकडून येणारा वारा जोर धरतो. वरच्या थरात तिबेटवर जो विशाल प्रत्यावर्त (जास्त दाबाभोवतीचा वाऱ्याचा भोवरा) तयार होतो, त्याच्या दक्षिण कडेने हा जेट वाहतो. आर्क्टिकच्या बर्फाचा हिशेब इथे लागू करण्याआधी निदान वाऱ्याची दिशा तरी पाहायला नको का?

जेटला महत्त्व देणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मान्य केलाच पाहिजे. यिन यांनी 1949 साली दाखवले की हिमालयाच्या दक्षिणेला असलेला पश्चिमी जेट उत्तरेकडे सरकतो, त्याच सुमारास भारत आणि ब्रह्मदेशात मोसमी पाऊस येतो. सी. रामस्वामी यांनी 1962 साली आणखी पुढचे पाऊल टाकले. पावसाळ्यातला खंड म्हणजे पूर्वी जेट आणि उपोष्ण पश्चिमी जेट यांच्यातली झटापट आहे, असे त्यांनी मांडले. पश्चिमी वाऱ्यातला खोल खळगा (कमी दाबाचा लांबट बाक) दक्षिणेकडे घुसतो, तेव्हा मध्य भारत कोरडा पडतो आणि पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन चिकटतो. जून 2013 मध्ये उत्तराखंडात जे घडले त्यामागे बंगालच्या उपसागराकडून आलेले कमी दाबाचे क्षेत्र आणि पश्चिमेकडून उतरलेला असाच एक खळगा यांची गाठ होती. 2010 साली रशियात उष्णतेची लाट ठाण मांडून बसली आणि पाकिस्तानात महापूर आला. हजारो किलोमीटर अंतरावरच्या या दोन आपत्तींना जोडणारा दुवा वरच्या पश्चिमी प्रवाहातल्या अडलेल्या लाटांमध्ये सापडला. ही उदाहरणे डोळ्यांआड करून ‘जेट वगैरे काही नाही’ म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

पण ही उदाहरणे नीट पाहा. त्यांतली बहुतेक पश्चिमी जेटची आहेत आणि सगळी काही दिवसांच्या ते दोन-तीन आठवड्यांच्या मापावरची आहेत. त्यांच्या आधारे ‘यंदाचा पाऊस जेट ठरवतो’ असा चार महिन्यांचा निष्कर्ष काढता येत नाही. उत्तराखंडातही जेटचा खळगा एकटा पुरला नसता. खालून वाफ पोचवणारी मोसमी प्रणाली त्या वर्षी विलक्षण लवकर, जूनच्या मध्यालाच साऱ्या देशावर पसरली होती. दोन प्रणालींची भेट झाली तेव्हा अनर्थ ओढवला. भेटीतल्या एकाचेच नाव घेऊन त्याला जबाबदार धरणे हा अर्धवट हिशेब आहे.

पूर्वी जेटच्या बाबतीत तर हिशेब जवळजवळ उलटा होतो. स्पर्धा परीक्षांच्या तयारीतून घरोघरी पोचलेली मांडणी अशी: तिबेटचे पठार तापते, त्यातून पूर्वी जेट जन्मतो, आणि जेट मोसमी पाऊस खेचून आणतो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ फ्लोन आणि कोटेश्वरम् यांच्या काळात या मांडणीला ठोस आधार होता. सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवरची तापलेली जमीन हवेच्या मधल्या थरालाच थेट ऊब देते, हे खरेच आहे. पण 2010 साली बूस आणि क्वांग यांनी संगणकीय प्रारूपात तिबेटचे पठार काढून टाकले आणि फक्त हिमालयाची अरुंद भिंत ठेवली. दक्षिण आशियाचा मोसमी पाऊस बराचसा तसाच राहिला. उत्तरेकडची कोरडी, थंड हवा अडवून धरण्याचे भिंतीचे काम पठाराच्या उष्णतेपेक्षा मोठे ठरले. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाले आणि पठाराची बाजू लढवणारेही आहेत. पण पूर्वी जेटच्या जागेबद्दल वेगळ्या वाटेने आलेला पुरावाही त्याच दिशेला बोट दाखवतो. जुलै 1988 हा चांगल्या पावसाचा महिना, जुलै 2002 हा भीषण तुटीचा. या दोन महिन्यांत जेटचा गाभा पूर्व-पश्चिम दिशेत बराच सरकलेला दिसतो, आणि प्रारूपांमध्ये जेट तिबेटपेक्षा पावसाच्या जागेमागे जातो. कारण उघड आहे. वाफेचे ढग होताना जी अप्रकट उष्णता बाहेर पडते, ती उपसागरावर आणि आसपासच्या प्रदेशावर वरची हवा तापवण्याचा सर्वांत मोठा स्रोत आहे. पाऊस पडतो म्हणून जेट उभा राहतो. मग पाऊस कमी पडला तेव्हा जेट दुबळा दिसला, यात आश्चर्य कसले, आणि त्याला कारण म्हणायचे कोणत्या आधारावर?

चार्ल्स नॉर्मंड यांनी 1953 सालीच हे हेरले होते. भारताचे हवामान खाते सांभाळलेल्या या माणसाचे म्हणणे असे, की भारतीय मोसमी पाऊस हा जगाच्या हवामानातला निष्क्रिय घटक नसून सक्रिय घटक आहे. त्याचे भाकीत करण्यापेक्षा त्याच्यावरून पुढचे सांगणे सोपे. पूर्वी जेट हे त्या सक्रियतेचे वाहन आहे. रॉडवेल आणि हॉस्किन्स यांनी 1996 साली दाखवले की आशियाई पावसाच्या उष्णतेमुळे पश्चिमेकडे लाटा जातात आणि पूर्व भूमध्यसागर व सहारा यांच्यावर हवा खाली दबते. म्हणजे आपल्याकडची अतिवृष्टी आणि तिकडचा उन्हाळ्यातला कोरडेपणा यांचे नाते आहे. हा दुवा मला सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो, आणि आपल्या चर्चेत तो जवळपास कधीच येत नाही, कारण आपण जेटकडे फक्त ‘आपल्या पावसाचे काय केले?’ एवढ्याच प्रश्नासाठी पाहतो.

आता एल निनोवाल्यांकडे वळू. त्यांच्याही बाजूला वजन आहे. एल निनोच्या वर्षांत भारतात तुटीची शक्यता वाढते आणि पूर्वी जेटही अनेकदा क्षीण होतो, म्हणजे प्रशांत महासागराचा हात दोघांवर आहे. 2002 आणि 2009 ही दोन्ही दुष्काळी वर्षे एल निनोची होती. पण 1997 साली विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक चालू असताना भारतात दीर्घकालीन सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. 2023 हेही एल निनोचे वर्ष: जुलैत सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त, ऑगस्टमध्ये 36 टक्के तूट आणि 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, मग सप्टेंबरमध्ये पुन्हा जास्त, आणि हंगामाचा आकडा 94 टक्के. हंगामाच्या एकाच आकड्यात हा झोका दिसत नाही. शेत मात्र महिन्यांनी आणि आठवड्यांनी जगते. महासागराची अवस्था महिनोन्‌महिने टिकते. ती ऑगस्टचा खंड कोणत्या आठवड्यात सुरू होईल हे कसे सांगणार? त्या मापावर वातावरणातली आंदोलने, पश्चिमी खळगे आणि वरच्या वाऱ्यांची स्थिती यांच्याकडेच पाहावे लागते.

आणि एका बाबतीत पूर्वी जेटची सत्ता इतकी ठळक आहे की ती नाकारणाऱ्यांचे मला नवल वाटते. जगातल्या इतर उष्ण समुद्रांवर वादळांचा हंगाम उन्हाळा सरताना शिगेला पोचतो. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मात्र जुलै-ऑगस्टमध्ये उबदार, दमट असूनही मोठी चक्रीवादळे जवळपास जन्मालाच घालत नाहीत. ती येतात मेमध्ये, जूनच्या आरंभी, आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. कारण भर पावसाळ्यात खाली नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, तर 15 किलोमीटरवर पूर्वेकडून त्याहून जोराचा. खाली एकीकडे आणि वर दुसरीकडे ओढले गेल्यावर वादळाचा उभा गाभा टिकतच नाही. त्याची जागा कमी दाबाची क्षेत्रे आणि डिप्रेशन (चक्रीवादळापेक्षा सौम्य कमी दाबाची प्रणाली) घेतात, आणि मध्य भारताच्या पावसाचा मोठा वाटा त्यांच्यातूनच येतो. मे 2021 मधले तौक्ते, जून 2020 च्या पहिल्या आठवड्यातले निसर्ग, जून 2023 मधले बिपरजॉय यांच्या तारखा पाहा: वरचा पूर्वी वारा पुरता जम बसवण्याआधीची किंवा बसवतानाची ती फट आहे. पावसाची बेरीज जेटच्या हाती नाही, पण पाऊस चक्रीवादळातून यावा की मोसमी डिप्रेशनमधून, यात त्याचा निर्णायक वाटा आहे. भविष्यात हा जेट खरोखरच दुबळा झाला तर पावसाच्या आकड्याआधी काळजी किनारपट्टीची करावी लागेल, आणि नेमका हा प्रश्न आजच्या वादात कोणी विचारत नाही.

एककारणी मांडणीची किंमत किती भयंकर असते, याचा धडा याच जेटच्या पश्चिम टोकाला आहे. 1970 आणि 1980च्या दशकांत सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल प्रदेशात दीर्घ दुष्काळ पडला. कोरड्या वर्षांत तिथे पूर्वी जेट क्षीण असे, आणि तीन-चार किलोमीटरवरचा आफ्रिकी पूर्वी जेट दक्षिणेकडे सरकलेला असे. त्या काळी एक देखणे स्पष्टीकरण पुढे आले: गुराख्यांनी जमीन चरून उघडी केली, उघडी जमीन जास्त प्रकाश परावर्तित करते, म्हणून हवा खाली दबते आणि पाऊस आटतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कल्पना चुकीची नव्हती, आणि तिने संशोधनाला चालना दिली हेही खरे. पण ती एकमेव कारण म्हणून पसरली, आणि दुष्काळाचा दोष दुष्काळात होरपळणाऱ्यांच्याच माथी बसला. पुढच्या दोन-तीन दशकांत समुद्रपृष्ठाच्या तापमानांचा अभ्यास झाला तेव्हा कळले, की मुख्य जोर अटलांटिक आणि हिंदी महासागराच्या तापमान-बदलांचा होता; जमिनीने आणि वनस्पतींनी तो वाढवला. जेट त्या साऱ्या घडामोडींचा भागीदार होता. याच आफ्रिकी जेटच्या अस्थिरतेतून पश्चिमेकडे निघणाऱ्या लाटांतून अटलांटिकमधली बहुतेक मोठी हरिकेन उगवतात, म्हणजे साहेलमधल्या वाऱ्यांचा हिशेब पार कॅरिबियनच्या किनाऱ्यापर्यंत पोचतो. एवढ्या गुंत्यात गुराख्याला पकडून आणणे जितके अन्याय्य होते, तितकेच एखाद्या महापुरानंतर ‘जेटमुळे झाले’ म्हणून नदीपात्रातल्या बांधकामांची चौकशी टाळणे अन्याय्य आहे. वरच्या वाऱ्यावर टाकलेला दोष कोणालाच भरून द्यावा लागत नाही.

दुसरा धडा घाईने काढलेल्या निष्कर्षांचा. 1883 साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा धुळीचा पट्टा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालून आला. विषुववृत्तावर खूप उंच हवेत पूर्वेकडचे वारे कायम वाहतात, असे ठरले. 1908 साली बेर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले तर उंच हवेत पश्चिमेकडचे वारे सापडले. मग दोन्ही कायमचे वारे एकमेकांच्या शेजारी कसे नांदतात, याच्या आकृत्या कित्येक दशके काढल्या गेल्या. 1960च्या सुमारास नियमित फुग्यांच्या नोंदी पुरेशा लांब झाल्या तेव्हा उलगडले, की तो एकच वारा आहे आणि साधारण 28 महिन्यांच्या चक्रात दिशा बदलतो. आणि तेही चक्र इतके नेमके मानले गेले की 2016 साली ते मध्येच मोडले तेव्हा तज्ज्ञ चकित झाले. आज पूर्वी जेट आक्रसतो आहे, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नोंदींवरून सांगितले गेले आहे आणि ते काम गंभीर आहे. पण काही दशकांची नोंद, तीही समुद्रावर विरळ, आणि तिच्यात प्रशांत महासागराची दशकी आंदोलने मिसळलेली. त्यातून हवामान बदलाची सही वेगळी काढणे हे कष्टाचे काम आहे. हवामान बदल खरा आहे, अतिवृष्टी वाढते आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच त्याच्या नावाने कच्चे पुरावे पुढे करणाऱ्यांचा राग येतो. उद्या तो कल फिरला तर सगळ्याच इशाऱ्यांवरचा विश्वास उडेल.

भारताने हे एकदा भोगलेही आहे. भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी 1880च्या दशकात हिमालयातल्या बर्फावरून पावसाचे अंदाज बांधायला सुरुवात केली. जास्त बर्फ, कमी पाऊस. नाते खोटे नव्हते, पण एकट्याने भार पेलण्याइतके पक्केही नव्हते. शंभर वर्षांनी वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने 16 घटकांचे प्रारूप आले. त्यात वरच्या थरातले वारेही होते, आणि 1988 पासून त्याने नाव कमावले. 2002 साली त्याने सर्वसाधारण पाऊस सांगितला. प्रत्यक्षात जुलैचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला. घटक सोळा असले तरी त्यांची नाती कायम राहतील, हे गृहीतक एकच होते. समोरच्यांचे म्हणणे असते की लोकांना सोपे सूत्र हवे, गुंतागुंत कोणाला पचत नाही. शेतकऱ्याला पेरणीचा निर्णय घेताना शक्यता तोलायची चांगलीच सवय असते. त्याला खोटी खात्री दिली की त्याचे नुकसान होते.

या सगळ्यातून जे मागणे पुढे येते ते मोजणीचे आहे, आणि ते वादात कुठेच ऐकू येत नाही. मध्य अक्षांशांत पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रबळ असल्यामुळे उपग्रहाने तापमान मोजले की वारा बऱ्यापैकी गणिताने काढता येतो. विषुववृत्ताजवळ ही सोय नाही. तिथे वारा प्रत्यक्षच मोजावा लागतो. ऑगस्ट 2018 मध्ये सोडलेला युरोपीय उपग्रह एओलस लेसरच्या साह्याने थरांनुसार वारा मोजत होता, आणि त्याच्या नोंदींचा मोठा लाभ उष्णकटिबंधाच्या अंदाजांना झाला. 2023 साली त्याचे काम थांबले. तिरुपतीजवळच्या गादंकी इथला रडार पूर्वी जेटचे उभे छेद देतो, पण एका जागेवरून. हवामान खाते केरळात मोसमी पाऊस आल्याचे जाहीर करते तेव्हा ठरावीक केंद्रांवरचा पाऊस, खालच्या पश्चिमी वाऱ्याचा वेग, त्याची सुमारे साडेचार किलोमीटरपर्यंतची खोली आणि ढगांवरून अवकाशात जाणारे उष्णतेचे प्रारण हे निकष असतात; पूर्वी जेट त्यांत नाही. आगमनासाठी ते योग्यच आहे, कारण तेव्हा जेट अजून बांधला जात असतो. पण जुलै-ऑगस्टमधल्या खंडाचा आणि वादळांच्या फटीचा अंदाज सुधारायचा असेल तर बंगालच्या उपसागरावरच्या 15 किलोमीटर उंचीच्या वाऱ्याची रोजची, सलग, थेट नोंद लागेल. फुग्यांची केंद्रे जमिनीवर आहेत आणि उपसागराचा मधला भाग त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. ती पोकळी भरण्यासाठी जहाजांवरून सोडलेले फुगे आणि वारा मोजणारा पुढचा उपग्रह यांच्यावर खर्च करायचा की नाही, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे.